खोडाला आलेली फुले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले आहे. पण मला भाषणाची सवय नाही. १९७९ ते २०११ अशी बत्तीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या बाईंनी फार बोलू नये असे मुलींना वाटते, आणि वर्गाचा गलका बाहेर ऐकू येऊ नये असे मुख्याध्यापकांना वाटते. त्यामुळे मला गप्प राहण्याचाच सराव अधिक. तेव्हा काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या सभागृहाच्या भिंतीवर माझी दहा-बारा चित्रे लावली होती. सारी राणीच्या बागेत बसून काढलेली. ती पाहून एकीने विचारले, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला जमते. आम्हाला कसे जमावे?" दुसरीने विचारले, "घरी बसून नाही का काढता येत? एवढ्या उन्हात बाहेर कशाला जायचे?" या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत म्हणून मी आज उभी आहे. ती देताना माझी एक जुनी चूकही सांगावी लागणार आहे. ती सांगितल्यावाचून उत्तर पुरे होत नाही.

आधी एक गंमत करू. जरा डोळे मिटा आणि लहानपणी आपण काढत होतो तो 'देखावा' आठवा. दोन डोंगर. त्यांच्या मधून अर्धा वर आलेला सूर्य. सूर्याला काड्यांसारखे किरण. डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड, आणि आभाळात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी.

हसलात, म्हणजे आठवले! आता सांगा, आपल्यापैकी किती जणींच्या खिडकीतून दोन डोंगर दिसत होते? आपण बहुतेक जणी गिरणगावात वाढलेल्या. आपल्याला दिसत होती ती गिरणीची धुराडी, चाळीची गॅलरी आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. मी स्वतः राजापूर तालुक्यातली. माझ्या घरामागे डोंगर होता खरा. पण त्यातून नदी निघत नव्हती, आणि दारात नारळ नव्हता, फणस होता. तरी चित्रात मीही नारळच काढला. हे चित्र आपण कधी पाहून काढलेच नाही. शेजारणीच्या वहीतून ते आपण घेतले, आणि शेजारणीने आणखी कुणाच्या वहीतून. शाळेत त्याला चांगले गुण मिळत. पुढे बाई झाल्यावर मीही ते दिले.

आता ती चूक सांगते.

१९८६ सालची गोष्ट. गिरण्यांच्या संपाला चार वर्षे होऊन गेली होती. वर्गातल्या कितीतरी मुली पाठकोऱ्या कागदांवर चित्रे काढत. सहामाही परीक्षेत सहावीच्या वर्गाला मी स्मरणचित्रासाठी विषय दिला, 'बागेतील दृश्य'. नेहमीप्रमाणे घसरगुंड्या आल्या, झोके आले, फुगेवाला आला, मधोमध कारंजे आले. एका मुलीचा कागद मात्र वेगळा होता. तिचे वडील राणीच्या बागेत माळीकाम करत आणि ती दुपारी त्यांचा डबा घेऊन जात असे. तिने कागदभर एकच झाड काढले होते. माणूस नाही, झोका नाही. आणि त्या झाडाची फुले फांद्यांवर नव्हतीच. ती सारी खोडाला लागलेली होती, अगदी खालपासून. मधून मधून नारळाएवढे तपकिरी गोळे लोंबत होते.

मी तांबड्या पेन्सिलीने लिहिले, 'फुले फांदीला काढावीत', आणि दहांपैकी तीन गुण दिले. कागद परत घेताना ती हळूच म्हणाली, "बाई, तसंच असतं." मी म्हणाले, "उलट बोलू नये." ती मुकाट्याने जागेवर जाऊन बसली.

वार्षिक परीक्षेत तिने दोन डोंगर काढले. मधून सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. रेषा स्वच्छ, रंग रेषेच्या आत. मी तिला आठ गुण दिले आणि 'चांगली सुधारणा' असा शेराही दिला.

ही गोष्ट मी पुढे साफ विसरले. बाईंना असे विसरता येते.

राणीच्या बागेत मी त्याआधी गेले नव्हते असे नाही. शाळेच्या सहली घेऊन कितीदा तरी गेले. पण बरोबर साठ मुली असल्या म्हणजे बाई झाडे पाहत नाही, डोकी मोजते. आत शिरताना साठ, वाघाच्या पिंजऱ्यापाशी साठ, डबे खाताना एकोणसाठ, की जीव कासावीस! सहल संपली की बागेतले आठवे ते एवढेच.

२०१७ साली तिथे पेंग्विन पाहायला झुंबड उडाली होती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हीही गेलो. मुलगा आणि सून रांगेत उभी राहिली आणि मी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन सावली शोधली. तेवढ्यात गोड, जरासा उग्र असा वास आला. फूल कुठले म्हणून मी मान वर करून फांद्या न्याहाळू लागले. फांद्यांवर नुसती पाने. नातू म्हणाला, "आजी, वर काय बघतेस? फुलं इथे आहेत की!"

खरेच, फुले त्याच्या डोळ्यांसमोर होती. खोडातून दोरांसारख्या वाकड्यातिकड्या डहाळ्या निघालेल्या आणि त्यांना ती फुले लागलेली. पाकळ्या जाड, आतून गुलाबी तांबूस. मधला केसरांचा पुंजका नागाच्या फण्यासारखा वळलेला आणि त्याच्या खाली पिंडीसारखा उंचवटा. म्हणून आपण त्याला कैलासपती म्हणतो. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. इंग्रजीत त्याला तोफगोळ्याचे झाड म्हणतात, ते त्या तपकिरी गोल फळांवरून. तीही तिथेच, खोडाशी लोंबत होती.

"बाई, तसंच असतं." एकतीस वर्षांनी ते शब्द कानात आले आणि मी तिथल्या दगडी कठड्यावर खाली बसले.

मैत्रिणींनो, याहून लाजेची गोष्ट पुढेच आहे. मी फणसाच्या गावची. फणस खोडाला लागतो हे मला चालायला शिकल्यापासून ठाऊक. दत्ताच्या देवळात जाणाऱ्या आपणा सर्वांना उंबराची फळे खोडाला लगडलेली ठाऊक आहेत. तरी तांबडी पेन्सिल हातात आल्यावर मला माझ्या दारातला फणस आठवला नाही. आठवले ते पुस्तकातले झाड. त्या मुलीने डोळ्यांनी पाहिलेले मी न पाहताच खोडून काढले होते.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच चित्राची वही घेऊन बागेत गेले. आणि आपणा बायकांची खरी अडचण तिथे कळली. हातात भाजीची पिशवी असली, कडेवर मूल असले, देवळात जायचे असले, तर बाईने बाहेर असण्याला कुणाची हरकत नसते. पण काही काम नसता एका जागी दोन तास बसायचे म्हणजे लोकांना कोडे पडते. पहारेकरी तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारलेच, "बाई, कुणाची वाट बघताय का?"

मी म्हटले, "नाही हो, झाड बघते आहे."

त्याला काही ते पटलेले दिसले नाही. मलाही अवघडल्यासारखे झाले, आणि वही मिटून घरी जावे असे वाटले. गेले नाही, एवढेच बरे झाले. चौथ्या आठवड्याला तोच लांबून हात करून म्हणाला, "बाई, आज मागच्या बाजूचं झाड चांगलं फुललंय बघा." तेव्हापासून आमची ओळख आहे.

पहिल्या दिवशी मी जे झाड काढले ते घरी येऊन पाहिले, तर पुन्हा पुस्तकातलेच! सरळ तपकिरी खोड आणि वर हिरवा ढग. बत्तीस वर्षांचा अनुभव आणि चित्र सहावीतल्या मुलीपुढे उणे. म्हणून पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे : शिकल्यामुळे मला जमले हे खरे नाही. हाताला वळण होते, पण त्या वळणानेच हात मला फसवत होता. तुमच्या हाताला वळण नसेल, तर तुम्हाला विसरायचेही कमी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आले. घरी बसून काढले की हात आठवणीतले झाड काढतो. बाहेर समोर बसले की झाड हाताला आडवते आणि म्हणते, मी असे नाही.

आता मला हळूहळू जे उमगले ते सांगते. भाजीची कृती सांगतो तसे सरळ सांगते, म्हणजे घरी जाऊन करता येईल.

पहिली पंधरा मिनिटे पेन्सिल पिशवीतच ठेवावी. नुसते बसावे आणि खोडाचा रंग कोणता ते मनाशी सांगावे. तपकिरी खोड फार थोडे निघेल. कुठे राखाडी, कुठे काळपट, कुठे हिरवट दिसेल. पावसाळ्यात ओल धरणारी बाजू तर शेवाळाने हिरवीगार होते.

मग एका जाड पुठ्ठ्याला मधोमध पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी चौकोनी खिडकी कापावी आणि डोळ्यासमोर धरून तिच्यातून पाहावे. बाग एवढी मोठी, त्यातले नेमके काय घ्यावे हा गोंधळ तिने मिटतो.

मापासाठी हात सरळ लांब करावा, एक डोळा मिटावा आणि पेन्सिलीवर अंगठ्याने खोडाची जाडी धरावी. तेवढी जाडी उंचीत किती वेळा बसते ते मोजावे. आपण साडीचे हात मोजतो तसेच हे.

फांद्या काढणे अवघड वाटते. त्यापेक्षा फांद्यांमधून दिसणारे आभाळाचे तुकडे काढावेत. कुठला तिकोनी, कुठला होडीसारखा. तुकडे नीट आले की फांद्या आपोआप जागच्या जागी येतात. ही युक्ती ज्या मुलींना 'मला काही येत नाही' असे वाटते त्यांना फार लवकर साधते.

सावली आधी काढून घ्यावी. तासाभरात ती हातभर सरकते. सकाळची सावली आणि दुपारची सावली एकाच चित्रात आल्या की झाडाला दोन सूर्य होतात.

आणि शेवटचे, खोडरबर घरी ठेवावे. चुकलेली रेषा राहू द्यावी, तिच्या शेजारी दुसरी काढावी. खोडून टाकण्याचे परिणाम मी आत्ताच तुम्हाला सांगितले आहेत.

जागेची काळजी नको. भायखळा स्टेशनापासून चालत जाण्याजोगी ही बाग १८६२ पासून आहे. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तरी आपल्या तोंडी राणीची बाग बसले ते बसलेच. बुधवारी ती बंद असते. तिथल्या गोरखचिंचेचे चित्र पाहून एका भगिनीने मला विचारले होते, "हे झाड इतके सुजले कशाने?" ते झाड आफ्रिकेतले. कोरड्या दिवसांसाठी ते खोडात पाणी साठवते, म्हणून ते असे फुगलेले. कोरड्या महिन्यांत त्याला एक पान नसते. मी ते फेब्रुवारीत काढले आणि पुन्हा जुलैत काढले. दोन्ही शेजारी लावली तेव्हा सर्वांना ती दोन निराळी झाडे वाटली. झाड तेच. पाहणारीने दोनदा जावे लागते, एवढेच.

वाघ, माकडे यांच्या नादी नवशिकीने लागू नये. ती आपल्यासाठी थांबत नाहीत. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ज्याच्यावरून 'एलेफंटा' नाव दिले तोच हा. १८६४ साली तो विलायतेला न्यायच्या खटपटीत फुटला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे जोडून त्याला पुन्हा उभा केला. त्याच्या अंगावर ऊन कसे फिरते ते पाहत मी चार सकाळी काढल्या. तो हलत नाही, ही त्याची आपल्यावर मोठी कृपा. १९६५ साली फोर्टातून हलवलेला काळा घोडाही या बागेतच आहे.

बाहेर बसून काढणे हे काही माझे खूळ नव्हे. आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होते. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर हे त्यांचे आवडीचे विषय. १९३१ साली ते गेले. पण पाण्यावरचा उजेड कसा पाहावा हे त्यांची चित्रे आजही शिकवतात. बायकांमध्ये मला नेहमी आठवते ती मारियान नॉर्थ नावाची इंग्रज बाई. वडील गेल्यावर चाळिशी उलटलेली ही बाई १८७१ पासून रंगपेटी घेऊन जगभर हिंडली. १८७७ ते १८७९ या काळात ती हिंदुस्थानातही होती. फूल तोडून फुलदाणीत न ठेवता ते जिथे उगवते तिथे जाऊन ती काढी. लंडनजवळच्या क्यू बागेत १८८२ साली तिच्या चित्रांचे दालन उघडले. त्यात आठशेहून अधिक चित्रे आहेत. तिलाही कुणीतरी विचारले असेलच, बाई, कुणाची वाट बघताय?

ज्यांना चित्र काढायचेच नाही त्यांनीही यावे. खाली पडलेले पान कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली की त्याच्या शिरा न् शिरा उमटतात. ती नक्षी रांगोळीत उतरवता येते, भरतकामात घेता येते. मी कैलासपतीचे फूल उशीच्या अभ्ऱ्यावर भरले आहे. पाकळीच्या गुलाबी रंगासाठी तीन छटांचे दोरे लागले. दुकानदाराने काढून दिलेला एकही जुळेना, तेव्हा फूल पाहायला पुन्हा बागेत जावे लागले. फक्त एक पथ्य पाळावे : फूल तोडू नये. पडलेले पाहावे, आणि झाडावरचे झाडालाच ठेवावे.

याने काय मिळते, असे कुणी विचारील. पैसा मिळत नाही, हे आधीच सांगते. मला मिळाले ते असे. यजमान गेल्यानंतर घरात मला दिवस मोजण्यापलीकडे काही सुचत नव्हते. आता कैलासपतीला कळ्या धरल्या आहेत का, गोरखचिंचेला पालवी फुटली का, हे जाऊन पाहायचे असते. माझी वाट पाहणारे तिथे कुणी नाही, पण मला पाहायचे पुष्कळ आहे.

त्या मुलीचा मी शोध केला. आताच्या माळ्यांना तिच्या वडिलांची आठवण नाही. ते त्यांच्या आधीचे. शाळेच्या जुन्या नोंदवहीत पत्ता होता, त्या चाळीच्या जागी आता उंच इमारत उभी आहे. ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. चित्रे काढते की नाही, मला ठाऊक नाही. काढत नसेल, तर त्यात माझा वाटा आहे, ही खंत मी बाळगून आहे. आपली स्मरणिका हातोहाती बरीच लांब जाते. हे भाषण तिच्या वाचनात आले तर तिने एवढे समजावे : तुझे झाड बरोबर होते. त्या चित्राला दहांपैकी दहा गुण. बाई चुकल्या.

आपल्याकडेही मुली-नाती काही काढून आणतील. आकाश हिरवे असेल, गाय निळी असेल, फुले खोडाला असतील. चूक दाखवण्याआधी तिला एकदा विचारावे, "कुठे पाहिलेस?" आणि जमले तर तिच्याबरोबर तिथे जावे. मी तेवढे केले असते तर पुरे होते. बाग शाळेपासून चालत अर्ध्या तासावर होती.

अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने शेवटी एक निमंत्रण देते. येत्या रविवारी सकाळी साडेनऊला मी बागेच्या दाराशी उभी राहीन. येताना एक वही, एक मऊ पेन्सिल, बसायला चटई आणि पाण्याची बाटली आणावी. खोडरबर आणू नये. नातवंडे असली तर त्यांना जरूर आणावे. माझ्या अनुभवाने सांगते, फुले कुठे आहेत ते त्यांनाच आधी दिसते.